ऐरणीवरचा हात

अण्णा,

तुम्ही जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर कधी रागावले नाही. आज रागावले आहे. बाहेर शुगर लँडचं ऊन नुसतं भाजतंय, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, नातीला पत्र लिहायला घेतलेला कागद तुमच्यावर खर्च करतेय.

तुम्हाला ठाऊक नाही, पण रिटायर झाल्यावर मी तुमचंच, घण चालवायचं काम धरलं. आयुष्यभर तेल कंपन्यांसाठी पाइपांची गणितं केली आणि आता दर शनिवारी तासभर गाडी चालवून लोखंडाच्या एका जुन्या कारखान्यात जाते. कारखाना कधीच बंद पडला, त्याचं म्युझियम झालंय. भिंतीवर तिथल्या पहिल्या लोहारांचे, हत्यारं घडवणाऱ्यांचे फोटो आहेत. चामड्याचे एप्रन, जळालेल्या भुवया, कुणाच्या हाताला तीन बोटं तर कुणाच्या दोन. लोक विचारतात, हे सगळे असे रागीट का दिसतात? मी सांगते, चाळिशीतच बहिरी झालेली माणसं ही, फोटोवाला काय म्हणतोय ते त्यांना ऐकूच गेलं नसेल. हे मी तुमच्यावरून सांगते. मधोमध वाफेचा घण उभा आहे, तुमच्या घणाचा थोरला भाऊ शोभेल असा. दोन टनांचा ठोकळा, खाली ऐरण, बाजूला दांडा. आता तो हवेच्या दाबावर चालतो, आणि चालवते मी. ऐरणीवर पीकानचं, म्हणजे अक्रोडासारखं टणक कवचाचं फळ ठेवायचं, घण सोडायचा, कवच तेवढं फुटलं पाहिजे आणि आतला गर अख्खा राहिला पाहिजे. टाळ्या पडतात.

तुम्ही नारळ फोडायचात. खंडेनवमीला तुमच्या कारखान्यात घणाला झेंडूच्या माळा, आम्ही पोरंटोरं नवे कपडे घालून रांगेत, आणि तुम्ही त्या राक्षसाखाली नारळाची दोन सारखी भकलं करायचात. त्या वर्षी मी दहा वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. साहेबांसमोर बोलून गेले, "त्यात काय, एवढा मोठा घण, नारळ फुटणारच!" माझं मनगट धरून हात ऐरणीवर पालथा दाबलात. ऐरण कोमट आहे. वरून तेलाचा थेंब माझ्या नखावर पडतो, आई किंचाळते, आणि तो ठोकळा खाली येतो. हातावर गरम वाफ येते. मग काहीच नाही. ठोकळा हातापासून दोन बोटांवर थांबलाय आणि तुम्ही हसताय. नंतर नारळाचं मोठं भकल तुम्ही माझ्या त्याच हातात ठेवलंत.

ही गोष्ट मी इथल्या किती पार्ट्यांमध्ये सांगितली असेल! काय हात होता माझ्या वडिलांचा, अण्णांचा! लोक थक्क व्हायचे आणि मी फुगायचे. त्याच पावसाळ्यात तुमच्या पाळीतल्या एका माणसाचा हात कोपरापर्यंत गेला होता, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणाला होतात, "वाफेत पाणी शिरलं की घण आपला आपण खाली येतो. कुणाच्या बापाचं ऐकत नाही." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही माझा हात त्याच्याखाली धरलात.

मलाही माहीत होतं. गेल्याच महिन्यात दांडा अडकून घण रिकाम्या ऐरणीवर आदळला, भिंतीवरचे फोटो हलले. तरी परवाच्या शनिवारी, गर्दी पांगल्यावर, माझी अकरा वर्षांची नात साखळीच्या आत आली आणि म्हणाली, "आजी, कमॉन, इट्स फेक. आत सेन्सर असणार." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिचं मनगट धरून हात ऐरणीवर दाबला. केवढंसं मनगट ते, बांगडीसुद्धा राहत नाही त्यात. "आजी, स्टॉप, यू आर हर्टिंग मी," ती म्हणाली, आणि मी दुसऱ्या हातानं दांडा ओढला.

घण थांबला. नात ओरडली नाही, उभ्या उभ्या तिची पँट ओली झाली. माझ्याबरोबर काम करणारा म्हातारा वेल्डर धावत आला, त्यानं मला ढकललं, ठोकळा वर घेतला आणि तिला उचलून बाहेर नेलं. माझ्याकडच्या म्युझियमच्या किल्ल्या काढून घेतल्या, ते बरंच झालं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, तिचा हात चिरडला असता! तुला कळतंय का तू काय केलंस?"

"अण्णांनी मलाही तसंच केलं होतं," मी म्हटलं.

"मग कसं वाटतं ते तुला माहीत होतं." ती पुढे म्हणाली, "ती सारखी एकच सांगतेय. आजी वॉज स्मायलिंग. तू हसत होतीस?"

"नाही गं. भीतीनं तोंड वाकडं झालं असेल माझं. पोर घाबरली होती, तिला काहीबाही दिसलं."

मागून नातीचा रडका आवाज आला, "शी वॉज, मॉम! आय सॉ हर!"

"तिला पत्र लिही," मुलगी म्हणाली. "खरं काय झालं ते लिही. त्यावर ठरवू, तिला तुझ्याकडे पाठवायचं की नाही."

तुमचं ते हसणं मी साठ वर्षं माया समजत आले. वाटायचं, पोरीचा हात वाचला म्हणून हसलात. आता मला कळलंय, अण्णा, आणि त्याचाच राग आलाय. घण थांबला तेव्हा मला तिचा हात दिसलाच नाही. मला एवढंच दिसलं की मी तो थांबवला, तुमच्यासारखाच, बरोबर दोन बोटांवर.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही. तिचा आहे, आणि तिच्या पाकिटात घातलेल्या दुसऱ्या कागदावर मी लिहिलंय की आजी फार घाबरली होती. पोर खरं बोलतेय. मी हसत होते.