सकाळची एक रिंग

४ जानेवारी

वर्ना आत्याच्या घरात अखेर माझं बस्तान बसलं. मिनियापोलिसच्या दीड खोलीतून आल्यावर वाटतं, एवढ्या खोल्यांचं करायचं काय? आत्या जाताना मला घर देऊन गेली आणि घराबरोबर स्वयंपाकघरातला भिंतीवरचा पिवळा फोनही. त्याची वळ्यावळ्यांची दोरी थेट ओव्हनपर्यंत पोचते. गावात नुसते शेवटचे चार आकडे सांगितले तरी लोक म्हणतात, हां, वर्नाचं घर.

दुपारी शेतापलीकडच्या आर्डिसबाई ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची खिमा-भाजी, इकडची हॉटडिश, घेऊन आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, बुटांना बर्फावरचे खिळ्यांचे पट्टे, डावा पाय जरा ओढत चालतात. माझ्या कॉफीचा घोट घेऊन म्हणाल्या, कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी? मला त्या तिथेच आवडल्या.

मग कामाचं निघालं. आत्या आणि त्या, दोघी एकट्या पडल्यापासून त्यांचं ठरलेलं. आर्डिसबाईंनी सकाळी उठून एक रिंग द्यायची आणि फोन ठेवायचा. आत्याने उलट एक रिंग द्यायची. उचलायचं कुणीच नाही. रिंग आली म्हणजे बाई उठलीय, बरी आहे. नाही आली तर बूट चढवायचे आणि जाऊन बघायचं. या घराची किल्ली अजून त्यांच्याकडेच असते, त्यांच्या घराची मला दिली. म्हणाल्या, "आता तुझी पाळी, पोरी. तू वाजवलं नाहीस तर मी येणार, तशीच आत येणार. मग केस विंचरले नव्हते म्हणून कुरकुरायचं नाही." रुग्णवाहिका का नाही बोलवत, असं विचारलं तर म्हणाल्या, आणि मला काही झालेलंच नसलं तर? त्या पोरांना एवढ्या लांब उगाच पळवायचं?

मी हसून कबूल झाले.

८ जानेवारी

दोन-दोन फोन कशाला? आत्याचाच नंबर माझ्या मोबाइलवर घेतेय. कंपनीतल्या मुलाने पुन्हा पुन्हा बजावलं, नंबर पूर्ण हलेपर्यंत जुनी लाइन बंद करू नका, नंबर हातचा जाईल. मधल्या दिवसांत फोन कधी भिंतीवर वाजेल, कधी मोबाइलवर, कधी कुठेच नाही. सकाळची रिंग मात्र रोज न चुकता येते, आणि मीही देते. मजा वाटते.

१२ जानेवारी

नंबर हलला. पिवळा फोन कानाला लावून पाहिला, आत काहीच नाही. उगीच चुटपुट लागली.

एकच पंचाईत आहे. घरूनच फोनवर हॉटेलवाल्यांच्या तक्रारी ऐकायची माझी रात्रपाळी संपते आणि डोळा लागतो न लागतो तोच आर्डिसबाई वाजतात. भिंतीवर होत्या तेव्हा उशी कानावर ओढली की भागायचं, आता उशाशीच. आज त्यांच्या नावापुढचा आवाज बंद केला. उठल्यावर पडद्यावर दिसेलच, तेव्हा देईन उलट रिंग. सांगायला हवं त्यांना.

१४ जानेवारी

उलट रिंग नाही म्हणून आर्डिसबाई काल किल्लीने दार उघडून थेट माझ्या पलंगापाशी. मी गोधडीत. म्हणाल्या, श्वास चालू आहे ना, मग झालं. मी थाप मारली की नंबर दोन कंपन्यांच्या मधे अडकलाय, थोडे दिवस असंच होईल. आवाज बंद केला हे कुठल्या तोंडाने सांगणार?

१९ जानेवारी

बर्फाचं वादळ. समोरचं कोठारही दिसत नाही.

उठले तर आर्डिसबाईंचे किती फोन येऊन गेलेले. एक रिंगवाले नाहीत, एकामागून एक, लांब लांब. पहिले काही मी पाहिले होते. झोपेत पडदा उजळला, नाव वाचलं. वादळात म्हातारीला गप्पा हाणायच्या असतील, असं मनात आलं आणि फोन पालथा घातला.

आता लावतेय तर उचलत नाहीत. वादळ थांबलं की जाते.

२० जानेवारी

स्वयंपाकघरात, जमिनीवर. फोन हातातच. मोडलेला पाय अंगाखाली. मी गेले तेव्हा गार होत्या.

शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी लाइल आला. त्याने विचारलं, शेवटचे सगळे फोन तुलाच आहेत, वाजले नाहीत का? मी म्हटलं, नंबर मधे अडकलाय. तो म्हणाला, या कंपन्यांचं नेहमीचंच. लिहून घेतलं त्याने.

मी मारलं त्यांना. इथे तरी लिहिते.

२४ जानेवारी

दफन. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. जो तो येऊन माझाच हात धरतो, तुझा काय दोष म्हणतो. हॅमचं सँडविच रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

२७ जानेवारी

सकाळी रिंग आली. एक. त्यांचं नाव.

दफनाला आलेल्या त्यांच्या मुलाने लाइन तोडलीय, मला स्वतः सांगितलं त्याने. आणि त्यांच्या नावापुढचा आवाज तर मी अजून बंदच ठेवलाय.

उलट दिली नाही. कुणाला देणार?

२८ जानेवारी

पुन्हा एक रिंग. उठून खिडकीशी गेले. त्यांच्या दारापासून शेतात बुटांचे ठसे. खिळ्यांचे. डाव्या बाजूला ओढल्याची रेघ. शेताच्या मधे थांबलेले. परत गेल्याचे नाहीत.

२९ जानेवारी

ठसे कुंपणापर्यंत.

उलट रिंग द्यायचा प्रयत्न केला. लावत राहिले. हा नंबर सेवेत नाही, हा नंबर सेवेत—

त्यांना वाटतंय मीच पडलेय. बघायला येतायत. ठरलं होतं तसं.

३० जानेवारी

लाइलला खरं सांगायचं. फोन लावला. तो बाहेर गेलाय, काय निरोप देऊ, असं कचेरीतली बाई विचारत होती. काही नाही म्हटलं. ठेवला.

ठसे पायरीशी.

३१ जानेवारी

मोबाइल नाही वाजला. भिंतीवरचा वाजला. मेलेला. एक रिंग.

पायरीवर खिळे वाजतायत. एक पाय, मग ओढल्याचा— किल्ली फिरली.

आवाज रागाचा नाही. रागाचा असता तर— खालून हाक मारतायत, पडलीस का पोरी, कधीची पडलीयस, मला कळलंच नाही—

जिना चढतायत. मी उठलेय म्हणाले. बरी आहे म्हणाले.

दाराशी थांबल्या. विचारतायत, त्या दिवशी नंबर अडकलाच होता ना गं?

आणि मी पुन्हा हो म्ह—