खोबणीतलं दुखणं

प्रिय धाकट्या डॉक्टरसाहेब,

लाडाचं नाव आहे म्हणून लिहिलं. एरवी आज तुझं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतंय.

तुला न विचारता मी काल न्यूक्लिअर स्कॅनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी माझं रक्त काढलं, त्यातल्या पांढऱ्या पेशींना किरणोत्सर्गी औषधाची खूण लावली आणि पुन्हा माझ्याच शिरेत सोडल्या. जंतू असतील तिथे या पेशी धावत जातात म्हणे. दुपारी यंत्राखाली निपचित पडले. डोळा काढून तू डाव्या खोबणीत बसवलेल्या कृत्रिम गोळ्याभोवती पडद्यावर ठळक डाग उमटला. संसर्ग आहे, आणि बराच जुना आहे. ऐकून मला रडूच कोसळलं. डोळा गेला तरी पाणी दोन्हीकडून येतं, हे तूच सांगितलं होतंस.

अपघातानंतर माझा भाऊच ऑपरेशन करणार म्हणून मी किती मिरवले होते! मग खोबणी ठणकायला लागली, उशीवर चिकट डाग पडायला लागले. तू थेंब दिलेस, सीटी स्कॅन केलास, त्यात काही दिसलं नाही. इथवर माझी तक्रार नाही, डॉक्टरही चुकतात. पण तू आईला सांगितलंस, ताईला काही झालेलं नाही, तिला फक्त लक्ष हवंय. आईने तो शब्द धरूनच ठेवला. मी कण्हले की ती टीव्हीचा आवाज वाढवते. माझ्याच घरात तू मला नाटकी ठरवलंस रे.

आणि काल रात्री फोनवर म्हणालास, मीच गुपचूप गोळा काढून देतो, आईला कशाला घाबरवायचं! घाबरतोयस तू. गोळा दुसरे सर्जन काढतील, सोमवारी. माझं रक्त निदान दुखतं तिथे धावून तरी गेलं. तू सख्खा भाऊ असून कानाडोळा केलास.

ऑपरेशनआधी आईला तुझ्या तोंडाने सांग की ताईचं दुखणं खरं होतं. एवढ्याचसाठी हे पत्र. काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर मी लगेच तिला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर स्पीकरवर तुला फोन लावला. तू नुसतं 'बघतो' म्हणालास. तिने फोन ठेवला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अजून तरी तुझीच,
ताई