मॅनेजरचा मास्टर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्र लिहिणाऱ्याची सोय.
नव्या डायरेक्टरबाईंनी सगळ्या मॅनेजरांना बोलावून सांगितलं, की ऑफिस आता अ‍ॅजाइल होणार. म्हणजे टीम आपलं काम आपणच ठरवणार, मॅनेजर ही पोस्टच बंद. महिनाअखेरपर्यंत एखादं सर्टिफिकेशन निवडा आणि नवी जागा मिळवा. बाकीच्यांचे चेहरे पडले. माझा नाही. मला फक्त केबिन सोडायची नाही. किती वर्षं घासल्यावर मिळाली! दार आहे तिला.

४ मार्च
निर्णय झाला: पीएमपी, प्रोजेक्ट मॅनेजरांची मोठी परीक्षा. करायचं तर सगळ्यांत अवघड. पुस्तक मागवलं. उद्यापासून पहाटे अभ्यास.

७ मार्च
पुस्तक आलं. चांगलंच जाड आहे. मॉनिटरखाली ठेवलं. मानेला आराम पडला.

९ मार्च, रविवार
अर्ज उघडला. आजवरच्या प्रोजेक्टांत तुम्ही नेमकं काय केलंत, असं विचारतात. 'लक्ष ठेवलं' असं लिहिलं. रकाना बराच रिकामा राहिला. ही मागून वाचत होती. म्हणाली, सह्या अडवून ठेवल्या, तेही लिही. हिला ऑफिसातलं काही कळत नाही.
पीएमपी जरा जुनाटच वाटतंय.

१२ मार्च
साक्षात्कार! स्क्रम मास्टर नावाचं सर्टिफिकेशन आहे. मॅनेजर म्हणजे सांभाळणारा. मास्टर म्हणजे मालक! शिवाय कोर्स दोनच दिवसांचा. शुभस्य शीघ्रम्. नाव नोंदवलं.
डायरेक्टरबाईंनी विचारलं, त्यात काय असतं ते वाचलंय ना? म्हटलं, नावातच सगळं आलं. त्या हसल्या. कौतुकाने असावं.

१५ मार्च, शनिवार
सासरे जेवायला. निवृत्त शाळामास्तर. त्यांना सांगितलं, मी मास्टर होतोय. त्यांचा घास हातातच राहिला. मॅनेजरचे मास्तर झालात? नंतर हिला बाजूला घेऊन विचारत होते, की घरात काही कमी-जास्त लागतंय का.

२२ मार्च, शनिवार
कोर्स. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, स्क्रम मास्टर हुकूम सोडत नाही. टीमच्या वाटेतले अडथळे दूर करतो, टीमची सेवा करतो. मी विचारलं, मग हुकूम कोण सोडतं? म्हणाल्या, कुणीच नाही. बाई अजून नवीन असाव्यात.
जेवणानंतर डोळा लागला. हुकमाचा भाग तेवढ्यात होऊन गेला असणार.

२३ मार्च
पास! काठावर, पण काठ पाण्याच्या बाहेरच असतो.

२४ मार्च, सोमवार
पहिली स्टॅण्डअप मीटिंग. उभ्याउभ्या पंधरा मिनिटांत आटपायची असते. टीम उभी राहिली. मी बसलो. टेस्टर मुलगी म्हणाली, सर, सगळ्यांनीच उभं राहायचं असतं. गुडघ्याचं कारण सांगितलं. मीटिंग पाऊण तास चालली. माझंच बोलणं रंगलं होतं.

२६ मार्च
डायरेक्टरबाईंनी परीक्षाच लावली. टीमकडून कामातला सगळ्यांत मोठा अडथळा चिठ्ठीवर लिहून घ्या. शुक्रवारी माझ्यासमोर वाचा. तो लगेच दूर केलात तर मास्टरची जागा पक्की, नाहीतर दुसरं ऑफिस बघा.
हा तर आपल्या हातचा मळ! टीमसमोर गरजलो, की कुठलाही अडथळा असो, मुळासकट उपटीन. बिनधास्त लिहा, स्वतःचं नाव घालू नका. बहुतेक एसी निघेल.

२८ मार्च, शुक्रवार
सात चिठ्ठ्या. मीच मोठ्याने वाचल्या.
साहेबांची सही. साहेबांची सही मिळत नाही. केबिनचं दार बंद असतं. साहेब. साहेब. साहेब (दोनदा अधोरेखित). प्रिंटरला जागा नाही.
म्हटलं, प्रिंटरचं मी आजच बघतो. डायरेक्टरबाई म्हणाल्या, आणि बाकीच्या सहांचं?
चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. मुळासकट उपटीन म्हणून बसलो होतो. फार लागलं मनाला. घरी कुणाला सांगितलं नाही.

३१ मार्च, सोमवार
अडथळा दूर. सह्यांचा अधिकार टीमला दिला. केबिन रिकामी केली, माझं टेबल बाहेर टीमच्या रांगेत लागलं. डायरेक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, इतक्या झपाट्याने अडथळा हटवणारा स्क्रम मास्टर मी पाहिला नाही. टाळ्या झाल्या. जागा पक्की. मी म्हणालोच होतो.
केबिनमध्ये आता प्रिंटर ठेवलाय. दुपारी एक कागद काढायला गेलो, तर दारावर टकटक केली. आत कुणीच नव्हतं. तरी जरा वेळ बाहेर उभा राहिलो.