क्लिपमधला दुसरा आवाज

२ नोव्हेंबर, रविवार

गुणवंतराव माजला आहे! दुसरा शब्दच नाई.

काल रात्री बाजार चौकात त्याच्या पक्षाची सभा झाली. माइक हातात आला का या माणसाची जीभ सुटते. आमची नगराध्यक्षपदाची उमेदवार रीना कुमरे. गोंडाची पोरगी, बीए झाली, आमच्या मूल शहरातल्या अर्ध्या वस्त्यांत बचत गट तिनंच उभे केले. तिच्यावर बोलाले मुद्दा सापडला नाई, तं म्हणते — "याईची उमेदवार लाईट गेल्यावर सापडली पाह्यजे ना! टॉर्च घेऊनच प्रचाराले निघा लागंल." अन् सारी सभा खदाखदा हसली. समोर बसलेल्या बायाही हसल्या!

व्हिडिओ आला तेव्हा मी पार्लरमध्ये एका नवरीच्या आईचं फेशियल करून राह्यली होती. हात तसाच थांबला. बाई डोळे मिटूनच विचारते, "काय झालं वो?" म्हटलं, काई नाई, एकाचं तोंड धुवाचं आहे.

पाठोपाठ हेमराजभाऊचा फोन. आमच्या पक्षाचे शहराध्यक्ष. "दिव्यानीबाई, महिला आघाडी घेऊन उद्या रस्त्यावर उतरा. सोडाचं नाई त्याले." आता महिला आघाडीची अध्यक्ष मीच. म्हटलं, भाऊ, हे सांगाचीही गरज नाई.

३ नोव्हेंबर, सोमवार

काय मोर्चा झाला! दीडशे बाया. रोवणी-कापणीवाल्या, राइस मिलमधल्या, बचत गटाच्या — साऱ्या. आघाडीतली माझी जोडीदार वच्छला घोषणा द्यायले पुढं, तिचा गळा पार बसला. गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं होतं. गुणवंतरावाच्या मोठ्या फोटोले दोन्ही हातानं काळं फासलं मी! मग माइक घेतला — "रंगावर बोलणाऱ्याले मूलच्या बाया माफ करत नाई! हा अपमान रीनाचा नाई, साऱ्या आदिवासी समाजाचा आहे!" टाळ्या, शिट्ट्या. पत्रकारानं फोटो काढले, माझे ऑइलचे हात वर केलेले.

हेमराजभाऊ खुश. सगळ्यांसमोर म्हणले, "वार्ड चारचं तिकीट दिव्यानीबाईचंच समजा." बारा वर्षं! बारा वर्षं सतरंज्या अंथरल्या, बाया गोळा केल्या, दुसऱ्याच्या नावानं जिंदाबाद म्हटलं. आता माझं नाव.

घरी आल्यावर अश्वजितले सांगितलं. माझा नवरा राइस मिलच्या मशीनवर असते, जास्त बोलत नाई. म्हणे, "एबी फॉर्म हाती पडू दे, मंग नाच." पक्षाचा तो कागद मिळाला तरच पक्षाचा उमेदवार, हे मले काय माईत नाई? पण आज मी नाचली.

नखातलं ऑइल काई निघत नाई.

५ नोव्हेंबर

रीना आली होती पार्लरमध्ये. बॅनरचा फोटो काढाचा म्हणून आयब्रो करून घेतल्या. दोरा फिरवता फिरवता म्हटलं, पाह्यलं ना कसा मोर्चा काढला तुझ्यासाठी? ती म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नाई ना येणार?"

"विचार."

"त्यानं मले काळी म्हटलं म्हणून तुम्ही त्याच्या तोंडाले काळं फासलं. म्हंजे काळं होणं ही सजाच झाली ना?"

मी हसली. म्हटलं, अगं, ती निषेधाची पद्धतच आहे, साऱ्या महाराष्ट्रात असंच करतात. ती म्हणाली, "हो, पद्धत आहे, ते माईत आहे." मग समोरच्या रॅकवर गोरं करायच्या क्रीमचे डब्बे आहेत, ते पाहत बसली. पैसे द्यायले लागली, घेतले नाई.

दिवसभर डोक्यातून जाईना. इतके मोर्चे काढले, हे कोणालेच कसं दिसलं नाई! मले बी नाई.

७ नोव्हेंबर

लिहू का नको असं झालं. पण इथी नाई लिहाचं तं कुठी लिहाचं?

संध्याकाळी पक्षाच्या ऑफिसात बैठक. आठ-दहा जण, चहा, आलूबोंडे. वार्ड चारमध्ये समोरच्या पक्षानं गुणाबाई आत्रामले उभं करायचं ठरवलं, म्हंजे माझ्याविरुद्ध. चांगली बाई आहे. मोहाची फुलं, टेंभरं, हिरडे विकते, साऱ्या वार्डात ओळख. तिचं नाव निघालं अन् हेमराजभाऊ म्हणतात, "गुणाबाईचं बॅनर स्वस्तात होते. एकच शाई लागते, काळी! अन् नाक तं देवानं बसूनच दाबलं." सारे लोटपोट. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

मी म्हटलं, "भाऊ, बस करा! चार दिवसांआधी आपण याच गोष्टीवर रस्त्यावर उतरलो ना?"

"अवो बाई, त्यानं सभेत म्हटलं. आपण घरात बोलून राह्यलो. फरक आहे का नाई?"

गुणाबाई घरातली कधी झाली, ते मले समजलं नाई. आलूबोंडा तसाच ठेवून निघून आली.

९ नोव्हेंबर, रविवार

क्लिप बाहेर आली! ऑफिसातल्या त्या बैठकीची. कोण्यातरी आपल्याच माणसानं रेकॉर्ड केली. चित्र टेबलाखालचं, अंधार. आवाज मात्र स्वच्छ. हेमराजभाऊ — शाई, नाक, सारं. मग हसणं. मग शेवटी एका बाईचा आवाज — "भाऊ, बस करा!"

तो आवाज ओळखत नाई असं मूलमध्ये एकही घर नसंल. दरवर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत माइकवर मीच असतो.

गुणाबाईनं ठाण्यात तक्रार दिली. बरं केलं! असं म्हणून झाल्यावर आठवलं का तक्रार आपल्याच पक्षावर आहे.

१० नोव्हेंबर

भाऊचं म्हणणं — आवाज त्याईचा नाई. एआयनं बनवला! कालपर्यंत या माणसाले फोटो फॉरवर्ड करता येत नव्हता, आज एआय.

वच्छलाले फोन केला. जी मोर्च्यात गळा फाटेपर्यंत ओरडली ती म्हणते, "ते तं मजाक होता गं. मजाकचं काय इतकं मनावर घ्यायचं?"

"मंग गुणवंतरावाचं काय होतं?"

"तो अपमान होता."

"काऊन?"

"काऊन का तो त्याईचा आहे ना!" असं चक्क म्हटलं तिनं. ना लाज ना शरम. अन् गुणवंतरावही कमी नाई. आज त्याची पोस्ट — आदिवासी भगिनीचा अपमान सहन करणार नाही. टॉर्चवाला!

११ नोव्हेंबर

उद्या भाऊच्या फोटोले दुग्धाभिषेक. महिला आघाडीच्या हस्ते. दूध मी आणाचं म्हणे! सांगून देलं, माझ्या घरी चहालेच पुरते.

१२ नोव्हेंबर

मी गेली नाई. पण चौक पार्लरसमोरच, दिसतेच. त्याच बाया, तोच चौक. त्या दिवशी ऑइल, आज दूध. अन् दुधाचा पहिला गडवा रीनाच्या हातात देला! तिनं ओतलं. मान खाली घालून ओतलं. मले तिचा राग नाई आला, असं लिहिणार होती. आला. खोटं कायले लिहू? ज्या पोरीनं मले तो प्रश्न विचारला तिनंच गडवा धरावा! मग वाटलं, तिच्या मागं कोण उभं होतं तेही पाह्य. हेमराजभाऊचे दोन्ही पुतणे, एक इकडून, एक तिकडून.

१३ नोव्हेंबर

आज हेमराजभाऊ स्वतः घरी आले. चहा घेतला, अश्वजितच्या मिलची चौकशी केली, मग मुद्द्यावर आले.

"दिव्यानीबाई, तुमी फक्त कॅमेऱ्यासमोर एवढं म्हणा, का अशी बैठक झालीच नाई अन् तो आवाज तुमचा नाई. तुमी म्हटलं का तक्रार हवेत. बाकी कोणी बोलणारा नाई."

"म्हंजे माझाही आवाज एआयनंच काढला का?"

हसले. "बाई, एबी फॉर्म माझ्या सहीनं निघते. सतरा तारीख शेवटची. विचार करा."

"भाऊ, तुमी तिची माफी मागून टाका ना. दोन शब्द. मी स्वतः येतो सोबत तिच्या घरी."

उठून उभे राह्यले. "त्या बाईची? मी?" — अन् चप्पल घातली. तेवढ्यात मले कळलं, क्लिपमध्ये जे होतं तो मजाक नव्हता.

ते गेल्यावर अश्वजितले विचारलं, काय करू? मले वाटलं म्हणंल, जाऊ दे, भानगड नको. तो हात पुसत म्हणे, "आपल्या समाजावर कोणी असं बोललं असतं तं सारं विहार रस्त्यावर आलं असतं. तू सर्वांत पुढं. मंग?" अन् जेवायले बसला. या माणसाशी भांडाचीही सोय नाई.

तिकीट पाह्यजे मले. खूप पाह्यजे. हे इथी कबूल करतो. नगरपरिषदेत खुर्चीवर बसलेली दिव्यानी किती वेळा डोळ्यापुढं आणली असंल! पण त्या खुर्चीवर बसून गुणाबाई समोरून चालली तं मी कुठी पाहणार?

१४ नोव्हेंबर

आता समोरचे आले! गुणवंतरावाची माणसं, पार्लरमध्ये, गिऱ्हाइकासमोर. "ताई, तुमी खऱ्या वाघीण! उद्या आमचा मोर्चा. हेमराजच्या फोटोले काळं तुमच्याच हातानं फासू. ऑइल आणून ठेवलं आहे."

म्हटलं, "काळं मी आता कोणालेच फासत नाई. काळा रंग काई शिव्या द्यायची वस्तू नाई. अन् आधी तुमच्या गुणवंतरावाले घेऊन या इथी, रीनाची माफी मागू द्या."

"ते तं जुनं झालं ना ताई!"

"दोन आठवडे झाले नाई, अन् जुनं झालं! निघा बाहेर!" ब्लीचचा वाटी-ब्रश हातातच होता. एकानं खरंच मागं पाय घेतला. गिऱ्हाईक बाई हसून हसून थकली, तिचा मास्क फुटला, पुन्हा लावून देला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जबाब देऊन आली.

एकटीच गेली, कोणत्याच पक्षाचा झेंडा नाई. हवालदार ओळखीचा, म्हणे, "बाई, नीट विचार केला ना? तुमच्याच माणसाविरुद्ध?" म्हटलं, लिहा. बैठक झाली. मी होती. भाऊ असं-असं बोलले. मी म्हटलं, बस करा. तो आवाज माझा आहे. अन् आणखी लिहा, का एक तारखेच्या सभेत गुणवंतराव रीना कुमरेले काय म्हटले, त्याचाही व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो म्हणे, "ते वेगळं प्रकरण." म्हटलं, मंग वेगळ्या कागदावर लिहा! दोन जबाब, दोन सह्या.

बाहेर गुणाबाई बसली होती, मांडीवर पिशवी. माझे दोन्ही हात धरले तिनं. "बाई, तुले तं माझ्याविरुद्ध लढाचं होतं ना?" म्हटलं, लढाचं आहेच. नाल्या, पाणी, घरकुलावर लढू. ती रडली. मी बी रडली, कायले लपवू?

घरी येईपर्यंत महिला आघाडीच्या ग्रुपमधून काढलं होतं. मीच बनवलेला ग्रुप!

१६ नोव्हेंबर

सकाळपासून एकही गिऱ्हाईक नाई. लगनसराईत! वच्छला समोरून गेली, मान फिरवून. रीनाचा मेसेज: "ताई, माफ करा. मले त्या दिवशी नाई म्हणता आलं नाई." उत्तर देलं — पुढच्या वेळी म्हण.

तिकीट गेलं, हे मनाशी ठरवून टाकलं. झोप येईल आज. गुणाबाई निवडून आली तरी चालंल मले, खरंच चालंल. आपल्या वार्डाची नगरसेवक ती, अन् तिले कोणी हसणार नाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गुणाबाई आमच्या पक्षात आली. हेमराजभाऊनं हार घातला, पेढा भरवला. वार्ड चारचा एबी फॉर्म तिचा. तिनं ठाण्यात लिहून देलं, का क्लिपमधला आवाज भाऊचा नाई.

तिचाच फोन आला. "बाई, राग नको मानू. मले घर पाहा लागते. तू बी तुझा जबाब वापस घेऊन घे ना." मग हवालदाराचा. "तक्रारवालीच नाई म्हणते. आता तुमच्या जबाबाचं काय करू?"

म्हटलं, राहू द्या. मी ऐकलं ते ऐकलंच आहे.