लाल अंगठ्याचा कागद

मी, तिबुर्सियो दिमायुगा, वय छत्तीस, धंदा लेखन, राहणार सान अन्सेल्मो, तळ्याकाठी, लागुना प्रांत, हे मृत्युपत्र शिक्क्याच्या सरकारी कागदावर माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी छाती पोखरली आहे, डोके शाबूत आहे. वैद्यांच्या मते मी नाताळ पाहीन. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण कागद आजच पुरा करतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे अशा ठिकाणी लिहायची पद्धत आहे. दबाव आहे. रोज सकाळी पाद्रीसाहेबांचा निरोप येतो. मी तो मानलेला नाही, एवढेच लिहितो.

पाद्रींना माझी सही हवी आहे. मठाच्या कारभारावरचे माझे पुस्तक खोटे आहे, ते लिहिल्याचा मला पश्चात्ताप होतो, असा कागद त्यांनी तयार ठेवला आहे. सही केली तर गावच्या दफनभूमीत आईच्या शेजारी जागा मिळेल. नाही केली तर कुंपणाबाहेर, जिथे बाप्तिस्मा न झालेल्यांना पुरतात. मी सही केलेली नाही व करणार नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकी मालमत्ता थोडी आहे, ती आधी उरकतो.

घर. घराखालची जमीन मठाची आहे, वरचे बांबूचे, खांबांवर उभे असलेले घर आमचे आहे. आईने ते मला दिले, तेव्हा मी बालाबाक बेटावर हद्दपार होतो. हे घर मी माझी पुतणी सिस्का हिला देतो. मठाने जागा खाली करायला सांगितली तर तिने रडत बसू नये. खांबांना बांबू बांधावेत, शेजाऱ्यांना बोलवावे, त्यांना भात आणि ताडी द्यावी आणि घर उचलून ओढ्यापलीकडे नावाडी इस्कोच्या रानात नेऊन ठेवावे. माझ्या लहानपणी तीन घरे अशी खांद्यावरून गेलेली मी पाहिली आहेत. एकात तर म्हातारी आतच बसून होती आणि वळण आले की बाहेरच्यांना शिव्या देत होती.

मला इस्कोच्याच रानात, ओढ्याच्या काठाला पुरावे. त्याला मी विचारले आहे. तो म्हणाला, "पूर आला तर तळ्यात जाल, मास्तर." मी म्हटले, तळे ओळखीचे आहे. मी एकदा घरी आलो ते मला महागात पडले. या खेपेला घराने माझ्याकडे यावे.

ओव्हरकोट. माद्रिदमध्ये आम्ही या बेटांवरचे तिघे एका खोलीत राहत होतो आणि तिघांत मिळून एक ओव्हरकोट होता. मंगळवार आणि शुक्रवार क्विंतिन लाक्सामाना याचे. तो आता मनिलात मोठा वकील आहे. माझ्या चौकशीत त्याला विचारले, या माणसाला ओळखता का? तो म्हणाला, "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो." ओव्हरकोट त्याला पोचवावा. मनिलाच्या उकाड्यात तो कशाला लागणार नाही, पण डाव्या खिशाला त्याने स्वतः घातलेले टाके आहेत. ते तरी ओळखीचे वाटतील.

पुस्तके शाळामास्तर दॉन गाविनो यांना. त्यांपैकी माझे स्वतःचे एकही नाही. बार्सिलोनात छापलेल्या प्रती तांदळाच्या पिंपांतून इथवर आल्या आणि चर्चच्या अंगणात जळाल्या. पाद्रींनी व्यासपीठावरून त्यातली दोन पाने वाचून दाखवली होती, लोकांना चीड यावी म्हणून. त्यांनी चांगले वाचले, असे ऐकतो. माझे तेवढेच जाहीर वाचन झाले.

आता माझा थोरला भाऊ अनाक्लेतो दिमायुगा. आम्ही त्याला दादा म्हणतो. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. बाप पटकीने गेला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. दादाने मला खांद्यावरून शाळेत नेले, मला मनिलाला धाडायला नांगराचा रेडा विकला, आणि त्या वर्षी स्वतः जू ओढून ऊस लावला. हे आधी लिहितो, कारण पुढचे वाचून त्याला कोणी नुसता चोर समजू नये. नुसत्या चोराचे मला एवढे लागले नसते.

आई लिहू शकत नव्हती. मी आठ वर्षे परदेशात होतो, त्या काळातली तिची सगळी पत्रे दादाने लिहिली. ती सांगे, तो उतरवी. शेवटी ती तोंडातल्या विड्याला अंगठा लावून कागदावर टेकवायची. सुकला की तो विटेच्या रंगाचा दिसे. माद्रिदला, बार्सिलोनाला, बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, चाळीस-चाळीस दिवसांनी हा अंगठा माझ्यापाशी येई. थंडीत कागदाला नाक लावले तर चुन्याचा आणि पानाचा वास यायचा. माझ्या खोलीतले सोबती हसायचे. क्विंतिन म्हणायचा, "आईचं पत्र आहे की आईची पिकदाणी?" आणि मग स्वतःही वास घ्यायचा.

सन १८९० च्या मार्चमध्ये आलेले पत्र असे होते: मी अंथरुणाला खिळले आहे, डोळे मिटण्याआधी तुला पाहायचे आहे, ये. खाली अंगठा होता, तो काळ्या शाईचा.

मी तो पाहिला. मला तो खटकलाही. दोन दिवस मी विचार केला आणि स्वतःलाच समजावले की आजारी बाईला विडा कुठला चालायला, म्हणून शाई लावली असेल. काळा अंगठा म्हणजे ती खरोखर मरणाला टेकली, असा अर्थ मी काढला आणि पुढच्याच बोटीचे तिकीट घेतले. सरकारी पत्रक ओळीओळीला तपासणारा मी लेखक. आईच्या नावाचा कागद तपासायचा असतो हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही.

सान अन्सेल्मोच्या धक्क्यावर दादा उभा होता. थोरल्याचा हात कपाळाला लावतात तसा मी लावला. भर दुपारी तो हात थंड होता. आई घराच्या जिन्यात, वरच्या पायरीवर, खलबत्त्यात विडा कुटत बसली होती. ओठ लालभडक.

"कोण आहे?"

"मी, आई. बुर्सियो."

तिने माझे तोंड दोन्ही हातांनी चाचपले. "वाळलास. तुला कोणी बोलावलं?"

"तूच की. पत्र आलं तुझं."

"माझं? मी तर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तिकडेच राहा, इथं तुझं नाव निघालं की लोक दारं लावून घेतात. क्लेतोला विचार, त्यानंच लिहिलं."

क्लेतो म्हणजे दादा. तो माझी पेटी घेऊन आत गेला होता आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी सगळ्यांसाठी भेटी आणल्या होत्या. आईला चांदीची डबी, ती तिने चुन्याला लावली. दादाला खिशातले घड्याळ. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. आईने चिंच घालून मासे केले होते. दादाने घड्याळ काढून पाहिले, खिशात ठेवले, पुन्हा काढून पाहिले. मला वाटले, नव्या वस्तूचे कौतुक आहे. मग शिपाई जिना चढून आले. ते वेळेवर आले होते.

बालाबाकला साडेचार वर्षे काढली. आई दुसऱ्या वर्षी गेली. तिथे तिचे एकही पत्र आले नाही. नंतर सिस्काने सांगितले, म्हातारीने क्लेतोकडून लिहून घ्यायचे सोडले होते. कोरे कागद घेऊन त्यांवर अंगठे उठवायची आणि उशाखाली ठेवायची. ते सतरा कागद माझ्याजवळ आहेत. ते माझ्याबरोबर पुरावेत.

सुटून आलो तो याच घरात, कारण दुसरे नव्हते. दादा रोज आल्याची पेज करून भरवतो, पाठ चोळतो, रक्ताची फडकी ओढ्यावर धुतो. दहा महिने आम्ही त्या पत्राबद्दल बोललो नाही. गेल्या रविवारी बोललो.

तो म्हणाला, "बुर्सियो, एक सही करून टाक. आईशेजारची जागा मी राखून ठेवलीय."

"तूच कर," मी म्हटले. "तुला सवय आहे."

त्याने पेज ढवळली. मग म्हणाला, "मठाचा कारभारी म्हणाला होता, भाऊ येईना तर जमीन सोडा. पाद्री म्हणाले, नुसतं दोन शब्द बोलायचंय त्याच्याशी. मला खरं वाटलं."

"शिपाई येणार ते ठाऊक होतं?"

"होतं."

"मग खरं काय वाटलं?"

त्याने चमचा पुढे केला. मी पेज प्यालो, कारण भूक होती. या घरात बोलणे असेच संपते.

तेव्हा दादाला मी पुढील वस्तू देतो. एक, आईचा खलबत्ता. दोन, काळ्या अंगठ्याचे ते पत्र. मठाची खंडाने कसायची जमीन त्याच्याकडे आहेच, ती मला देता येण्यासारखी नव्हती, घेतासुद्धा आली नसती. क्षमा मी या कागदात लिहीत नाही. शोधली ती, मिळाली नाही, आणि नसलेली वस्तू मृत्युपत्रात घालता येत नाही.

आता मुख्य कलम. मी डोळे मिटल्यावर पाद्री दादाकडे येतील. म्हणतील, भाऊ कुंपणाबाहेर पडून राहणार, आईपासून तोडलेला. मरताना त्याने खूण केली होती असे म्हण, अंगठा तू उठव. तो पहिल्या खेपेला भ्याला म्हणून बधला. या खेपेला मायेने बधेल. मला त्याच्या भीतीपेक्षा मायेची धास्ती जास्त आहे. म्हणून मी जाहीर करतो की मी पुस्तकातला एकही शब्द मागे घेतलेला नाही. तसे सांगणारा कोणताही कागद निघाला, त्यावर माझी सही असली, काळ्या शाईचा अंगठा असला, कोणाचीही साक्ष असली, तरी तो खोटा समजावा. माझा खरा कागद हा एकच. याच्याखाली सहीशेजारी मी माझा अंगठा आईच्या पद्धतीने उठवत आहे. माझ्यामागे नऊ दिवसांची प्रार्थना होईल. तिच्या शेवटच्या दिवशी सगळे जेवायला बसण्याआधी हा कागद मोठ्याने वाचावा. वाचन दादाने करावे. त्याचा आवाज चांगला आहे.

विडा आज त्यानेच कुटून दिला. कशाला हवा ते त्याने विचारले नाही. कुटून होईपर्यंत मान वर केली नाही.

साक्षीदारांनंतर त्याच्यासाठी थोडी जागा सोडत आहे. हे सारे मी त्याला वाचून दाखवणार आहे. त्याने सही करावी असा आग्रह नाही. नाही केली तरी खलबत्ता त्याचाच.

सान अन्सेल्मो, ता. ९ नोव्हेंबर १८९५, दुपार.

तिबुर्सियो दिमायुगा
(शेजारी लाल अंगठा)

साक्ष: गाविनो मालाबानान, शाळामास्तर. माझ्यासमोर लिहिले, माझ्यासमोर अंगठा उठवला.

साक्ष: फ्रान्सिस्को ऊर्फ इस्को, नावाडी. लिहिता येत नाही म्हणून फुली. जागा द्यायला मी कबूल आहे.

मला वाचून दाखवले. पत्राचे लिहिले आहे ते खरे आहे. मी वाचीन.
अनाक्लेतो दिमायुगा. सही केली आहे, अंगठा नाही.