भुंगेऱ्यांच्या पेट्या मीनाला

मी, संघरत्ना धर्मा रोकडे, वय ६७, अविवाहित, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार शहापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत; डोकं आणि भिंगावरची नजर शाबूत आहे.

१. राहतं घर व बँकेतली ठेव भाची रोशनी हिला द्यावी. तिच्या लग्नात तिचा बाप, माझा भाऊ जगदीश याने मी टाचणीवर लावून जमवलेल्या भुंगेऱ्यांच्या पेट्या अंगणात काढल्या. "मेलेले किडे मांडून कोणी पोरीचं लग्न लावतं का?" म्हणाला. लाल मुंग्यांनी टाचण्या तेवढ्या ठेवल्या. हळदीच्या अंगाने रोशनी माझ्याशेजारी बसून उरलेले पंख वेचत होती.

२. जगदीशला डांबराच्या गोळ्यांचा डबा द्यावा. दुसरा हक्क नाही.

३. त्या लग्नानंतर नव्याने जमवलेल्या भुंगेऱ्यांच्या सर्व पेट्या, सूक्ष्मदर्शक व पुस्तकं आश्रमशाळेतली शिक्षिका मीना पारधी हिला द्यावीत. कारण लिहून ठेवते. १९९९ साली तिची सासू ठमी टोकावड्याकडच्या पाड्यावरून डब्यात एक भुंगेरा घेऊन आली. त्यांचा एक आंबा वाळला होता. "बाई, यापारी करवत घेऊन बसलाय. सगलीच झाडं किडली म्हंतो. तोडू का नको, येवढं सांग."

आंबा पोखरणाऱ्या भिरुडाच्या मानेवर दोन तांबूस ठिपके आणि बाजूंना काटे असतात. याला दोन्ही नव्हते. हा सुक्या लाकडातला. तरी मी पाड्यावर जाऊन प्रत्येक बुंधा पाहिला. ताजा भुसा कुठेच नव्हता. वाळलेल्याची मुळं कुजली होती.

"तोडू नकोस," मी म्हटलं. नवी सून मीना विचारत राहिली, "अन् काटे असते तर?" त्या दिवसापासून ती माझी विद्यार्थिनी. झाडं आजही फळतात.

४. शहरातल्या एका संस्थेने पेट्या मागितल्या, पण प्रत्येक भुंगेऱ्याखालच्या चिठ्ठ्यांवरची ठमीसारख्या गोळा करणाऱ्यांची नावं गाळणार होते. त्यांना एक पायही देऊ नये.

५. तानसाच्या जंगलातला एक हिरवट भुंगेरा मला ओळखता आला नाही. चिठ्ठीवर 'नाव बाकी' लिहिलं आहे. मीनाने खात्री होईल तेव्हाच नाव लिहावं. माझी आठवण म्हणून अंदाज लिहू नये.

वाचून, समजून सही केली.

संघरत्ना धर्मा रोकडे

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
ठमी बुधू पारधी
भगीरथ महिपत भोईर

शहापूर, २ फेब्रुवारी २००८