सगळे गुण वाणीवर

मंगळवार, ३ मार्च

दगडी पहारेकरी ऐकत नाही! पुलाच्या तोंडाशी कुऱ्हाड घेऊन उभा. माझी राणी त्याच्यापुढं जाते, बोलायला तोंड उघडते आणि पडद्यावरची वाक्यं एकेक करून काळी पडतात. निवडायला एकच उरतं — 'लढ'. लढायला अंगात बळ नको? राणी पुन्हा नदीत.

खेळ सुरू करताना गुण वाटायचे होते — ताकद, चपळाई, नजर, वाणी. मी सगळेच्या सगळे वाणीवर घातले. दुसरं काही सुचलंच नाही. इथवर चाललंही. दरोडेखोरांना लाजवलं, जकातवाल्याला रडवलं, एका सेनापतीची अख्खी फौज बोलून बोलून आपल्याकडं वळवली. वाक्यं मात्र भिकार! तिनातून एक निवडायचं. मी चौथंच बोलले असते.

भावजय मागं उभी राहून बघत होती. "वन्सं, राणी अगदी तुमच्यावर गेलीय. काडीपैलवान, पण तोंड बघा!"

पाटीवर लिहिलं — गप्प बस.

"मी गप्पच असते. आता तुमची पाळी आहे."

गुरुवार, ५ मार्च

घशात गाठ आहे म्हणून बोलायचं नाही, इतकंच आजवर माहीत होतं. कुजबुजायचंही नाही — त्यानं म्हणे जास्तच ताण पडतो. म्हणून पाटी. म्हणून हा खेळही. भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. कुणा गिऱ्हाइकानं खेळाचं जुनं यंत्र काढून टाकलं, ते त्यानं घरी आणलं. "ताई, तोंडाला काम नाही तर हाताला तरी असू दे!"

आज डॉक्टरांनी सांगितलं. गाठ साधी नाही. काढायची, आणि लवकर. मी लिहिलं — आवाज? ते खिडकीकडं बघत म्हणाले, "जाईल असंच धरून चाला."

तारीख दिली सोमवार, सोळा.

सोळा! त्याच सकाळी कारखान्याच्या दारावर युनियनची सभा. बाटल्या तपासणाऱ्या बायकांना कंत्राटावर टाकायचं मालकांनी ठरवलंय. सोळाला कागद पुढं येणार — सही करा, नाहीतर घरी बसा. त्या खात्यात मी तरुणपण घालवलं. उजेडाच्या पडद्यापुढून बाटल्या सरकत जातात. बुडबुडा दिसला, तडा दिसला की उचलायची. घरी येऊन डोळे मिटले तरी बाटल्या सरकतच राहायच्या. आज भावजय तिथं बसते. त्या दारावर मी नाही बोलायचं, तर कोणी? माणसाला बाटलीसारखं उचलून बाजूला ठेवता येत नाही, हे कोणी सांगायचं?

लिहून दिलं — सोळा सोडून कधीही.

"पुढची तारीख पार महिन्यानंतरची आहे. गाठ सभेसाठी थांबत नसते, बाई. सोळा मी खोडत नाही, विचार करा."

शुक्रवार, ६ मार्च

थकले. यंत्र सुरूही केलं नाही.

रविवार, ८ मार्च

भावानं बायकोला सांगितलं. सांगणारच! ती भांडी घासत होती. हात तसेच ओले घेऊन बाहेर आली.

"म्हणजे सभा आधी, जीव मागनं? वा! तुमच्या शोकसभेतही तुम्हीच बोलणार असाल!"

भाऊ म्हणाला, "अगं, जरा हळू."

"हळू कशाला? त्यांना काही उलट बोलता येत नाहीये. अशी संधी पुन्हा कधी मिळणार?"

मला हसू आलं. हसायलाही मनाई आहे.

कारखान्यात हिला मौनीबाई म्हणतात. घरीही फारशी बोलत नाही. पहिल्या पाळीवरून आली, जेवली की तिचा तो खोकी ढकलायचा खेळ. गोदामातली खोकी खुणेच्या जागी न्यायची. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. कितीतरी वेळ नुसती बघत बसते, मग एकच ढकलते. मला तो खेळ सोसत नाही. मी आधी ढकलते, मग बघते.

जेवणानंतर मी माझा खेळ घेऊन बसले तर म्हणाली, "कोपऱ्यात गेलेलं खोकं परत निघत नाही, वन्सं. तेवढं लक्षात ठेवा."

मंगळवार, १० मार्च

संताप! संताप! संताप!

वाचनालयातून परत आले तर राणी पुलापलीकडे. पहारेकरी आडवा पडलेला. मला कळेचना. मग गुणांचं पान उघडलं. ताकद काठोकाठ. वाणी — शून्य.

खेळात एक म्हातारी आहे, चुलीपाशी बसलेली. ती गुण पुन्हा वाटून देते, पण एकदाच. दिलेलं परत मिळत नाही. मी तिच्या दारावरून कितीदा गेले, आत पाऊल टाकलं नाही. भावजयीनं माझ्यामागं नेलं राणीला तिच्याकडं!

विचारायचं होतंस!! — इतकं मोठं लिहिलं की पाटी भरली.

"विचारलं असतं तर तुम्ही भाषण दिलं असतं."

भांडण पाटीवर करता येत नाही. मी पुसून दुसरं वाक्य लिहीपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली.

गुरुवार, १२ मार्च

मुक्या राणीनं खेळता येत नाही, हे दाखवून द्यायला खेळले.

कंदीलवाल्याकडं गेले. एरवी चार गोड शब्दांत दुकान रिकामं केलं असतं. आता समोर एकच पर्याय — 'थांब'. थांबले. तो खेकसला. थांबले. मग तो मुलीबद्दल बोलायला लागला, मग डोंगराच्या पोटातल्या वाटेबद्दल. वैतागून की कंटाळून कोण जाणे, शेवटी कंदील हातात दिला. फुकट! हे काही पटत नाही. जगात गप्प बसणाऱ्याला कोणी कंदील देत नाही. मी आयुष्यभर हेच सांगत आले. तरी कंदील घेऊन राणी डोंगरात शिरली.

युनियनचा खजिनदार येऊन गेला. "ताई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. तेवढ्यानं निम्मी सभा जिंकली." खोटं. नुसतं उभं राहून काय होतं, ते पुतळ्यांना विचारावं.

तो गेल्यावर न्हाणीघरात नळ सोडला आणि पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. गंजलेल्या बिजागरीचा आवाज. दुसऱ्या वाक्याला रक्ताची चव.

कोणाला सांगितलं नाही.

शनिवार, १४ मार्च

भावजयीनं मी सांगायची वाट बघितली नाही. न्हाणीघराची भिंत पातळ आहे.

समोर येऊन बसली. हळू बोलली, म्हणून जास्त लागलं. "सोळाला मी सही करणार नाही. तुम्ही बोला नाहीतर नका बोलू. माझ्या बाकावरच्यांनीही तसंच ठरवलंय. पण तुम्ही त्या दारात रक्त ओकलात, तर सगळ्या तुमच्याकडं धावतील. मागं कागद आणि मुकादम. मग एकेकीला गाठून सही घेतील."

उत्तर होतं माझ्याकडं. माझ्याकडं नेहमीच असतं. पाटी हातात घेतली, पेन्सिल टेकवली, आणि लिहिलं — सोळाला दवाखाना.

ती उठून गॅस बंद करायला गेली. बराच वेळ आली नाही.

संध्याकाळी तिच्यासाठी भाषण लिहून काढलं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं! तिनं उभ्यानं वाचलं आणि परत दिलं. "छान आहे. पण माझ्या तोंडाला मोठं होतंय."

सोमवार, १६ मार्च, सकाळ

खाटेवर बसून लिहितेय. थोड्या वेळानं नेतील. भाऊ कागदपत्रांच्या रांगेत.

डॉक्टर म्हणाले, "आता एखादं वाक्य बोलायचं असेल तर बोलून घ्या. फरक पडत नाही."

भावजय दाराशी उभी. इथूनच ती कारखान्यावर जाणार होती. "काय सांगू सगळ्यांना?" तिचे ओठ सुकलेले. मी उभी हयात वाक्यं साठवली. दाराला, चौकाला, मालकाला, मरणाला पुरतील अशी. सगळी घशाशी आली. पण समोर तर हीच होती.

म्हणाले, मोठ्यानं — "राणीला डोंगरातून बाहेर काढ. कंदील विकू नकोस."

ती हसली. हसता हसताच डोळे पुसले आणि गेली.

बुधवार, १८ मार्च

आवाज नाही. ठीक.

भाऊ म्हणाला, सही कोणीच केली नाही. आज पुन्हा बोलणी आहेत. बाकी विचारायचं ते हिलाच विचारू म्हणून पाटी धरून वाट बघत बसले.

भावजय आली. तोंड उघडलं — आवाजच फुटेना! दोन दिवस दारावर बोलून बोलून घसा पार बसलाय मौनीबाईचा.

माझ्या हातातली पाटी तिनं ओढून घेतली.